पूर येण्याआधी दीड हजारात काय घ्यावं: पूरपट्ट्यातल्या घरासाठी खरेदीचा क्रम

दर वर्षी मे उलटला की कृष्णा-पंचगंगेच्या काठावरच्या गावांत पुराच्या तयारीच्या याद्या मोबाईलवर फिरू लागतात. लाइफ जॅकेट, सोलर दिवा, इन्व्हर्टर, प्रथमोपचार पेटी, तयार 'इमर्जन्सी किट'. यादीतलं सगळं घ्यायचं म्हटलं तर वीस-पंचवीस हजार कुठेच गेले नाहीत. दुधाचं किंवा उसाचं बिल आलं की आधी सोसायटीचा हप्ता, मग पोरांची फी, मग किराणा असा क्रम ज्या घरात ठरलेला असतो, त्या घराला अशी यादी काय कामाची? त्या घराचा प्रश्न वेगळा असतो. हातात महिन्याला तीनशे रुपये सुटतात, तर त्यातून पहिली वस्तू कोणती घ्यायची आणि कोणती यंदा नाही घेतली तरी चालेल?

हा लेख त्या क्रमाबद्दल आहे. तो कोल्हापूर, सांगली, शिरोळ, पलूस या भागातल्या घरांना समोर ठेवून लिहिला आहे, कारण पुराचा स्वभाव जागेप्रमाणे बदलतो आणि त्याप्रमाणे खरेदीही बदलते.

तुमचा पूर कसा येतो?

चिपळूणला २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी रात्रीतून बाजारपेठेत शिरलं. लोक झोपेतून उठले तेव्हा तळमजला गेलेला होता. कोकणातल्या नद्या छोट्या आणि तीव्र उताराच्या, त्यामुळे पाणी काही तासांत चढतं आणि बहुतेक वेळा दिवस-दोन दिवसांत ओसरतं. तिथे वेळ मिळत नाही, म्हणून उशाशी तयार ठेवलेली पिशवी आणि वरच्या मजल्यावर जायची सोय याला पहिला मान.

कृष्णा खोऱ्यात उलट आहे. पाऊस पडतो घाटमाथ्यावर, धरणं भरतात, विसर्ग सुरू होतो आणि मग सपाट प्रदेशातून पाणी सावकाश खाली येतं. आपल्याला बहुधा दोन-तीन दिवस आधी कळतं. पण एकदा चढलेलं पाणी उतरायचं नाव घेत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीला आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं आणि कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर. पुणे-बंगळूर महामार्ग कित्येक दिवस बंद राहिला. म्हणजे आपल्या पुरात निघायला वेळ असतो, पण घराबाहेर किंवा अडकून काढायचे दिवस जास्त असतात. पुढचा सगळा हिशोब या दोन गोष्टींवर उभा आहे.

वस्तू हातात घेण्याआधी विचारायचे तीन प्रश्न

पाणी चढल्यावर ही वस्तू पैसे देऊनही मिळणार नाही, असं आहे का? तिच्यावाचून आठ दिवस काढता येणार नाहीत, असं आहे का? आणि पूर आलाच नाही, तरी ती घरात वापरली जाईल का?

तिन्ही उत्तरं 'हो' असतील तर वस्तू पहिल्या महिन्यात घ्या. दोन 'हो' असतील तर पावसाळ्याआधी. एकच 'हो' असेल तर वाट बघू दे.

आजीच्या रक्तदाबाच्या गोळ्या घ्या उदाहरणाला. पुरात मेडिकलचं दुकान बंद असतं, गोळी चुकली तर जिवावर बेतू शकतं आणि पूर आला नाही तर गोळ्या पुढच्या महिन्यात संपतातच. तिन्ही 'हो'. आता लाइफ जॅकेट घ्या. ऐन पुरात ते मिळणार नाही हे खरं, पण वेळेत निघालात तर ते लागणार नाही आणि एरवी ते खुंटीला लटकत राहणार. पाच माणसांना पाच जॅकेटं घ्यायला जेवढे पैसे जातात, तेवढ्यात पूर्ण घर सामानासकट उंचावरच्या गावात पोचतं. बचाव पथकाच्या बोटीत बसताना मात्र जॅकेट मागून घ्यावं आणि ते पक्कं बांधावं.

या प्रश्नांतला पहिला प्रश्न लोक सर्वांत जास्त विसरतात. २०१९ मध्ये कोल्हापूर शहर पाण्याने वेढलेलं होतं आणि नळ कोरडे होते, कारण नदीकाठची उपसा केंद्रंच पाण्याखाली गेली होती. टँकरपुढे रांगा लागल्या. पेट्रोल, दूध, भाजी यांचीही ओढाताण झाली. पैसे खिशात असून उपयोग नव्हता. अशा वेळी शेजारी वस्तू देतात, पण तीच वस्तू सगळ्या गल्लीला लागत असेल तर कोण कुणाला देणार?

आधी फुकटातलं

खर्चाचा विचार करण्याआधी बिनपैशाची कामं उरकली पाहिजेत. या भागात जीव आणि संसार सर्वांत जास्त वाचतो तो याच कामांनी.

पहिलं काम म्हणजे आपल्या घराचा आकडा काढणं. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. सांगलीत आयर्विन पुलाला इशारा ४० आणि धोका ४५ फूट. पण हे आकडे शहराचे झाले. आयर्विनला किती फूट झालं की आपल्या बोळात पाणी येतं, हे सांगलीच्या जुन्या गल्ल्यांतली माणसं तोंडपाठ सांगतात. तो आकडा विचारून घ्या. भिंतीवर २००५, २०१९, २०२१ च्या ओलीच्या खुणा असतील तर त्या बघा. मग त्याहून महत्त्वाचा दुसरा आकडा शोधा: आपला बाहेर पडायचा रस्ता कितीला बुडतो? बऱ्याच गावांत घराला पाणी लागायच्या आधी ओढ्यावरचा पूल किंवा गावाबाहेरचा सखल रस्ता जातो. निघायचा आकडा घराचा नव्हे, रस्त्याचा धरायचा आणि त्यातूनही दोन-तीन फूट वजा करायचे. तो खडूने दाराच्या आत लिहून ठेवा, म्हणजे त्या दिवशी घरात वाद नको.

२०१९ ला कितीतरी लोक याच वादात अडकले. '२००५ ला उंबऱ्यापर्यंतच आलं होतं' या भरवशावर थांबले आणि पाणी त्या खुणेच्या कितीतरी वर गेलं. मागची खूण ही फक्त मागच्या पुराची असते. जलसंपदा विभागाने आखलेल्या पूररेषाही पाहून घ्याव्यात. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची धरतात. घर निळ्या रेषेच्या आत असेल तर तयारी हे दर वर्षीचंच काम.

बाकीची फुकटातली कामं पटापट सांगतो. छपरावरची टाकी वीज जाण्याआधी काठोकाठ भरून घ्यायची, कारण उपकेंद्रात पाणी शिरण्याच्या भीतीने वीज बंद केली की मोटर चालत नाही. गोडेतेलाचे पाच लिटरचे कॅन फेकायचे नाहीत, सोड्याच्या गरम पाण्याने धुऊन ठेवायचे. फिनेल, रॉकेल किंवा कीटकनाशकाचा कॅन मात्र कितीही धुतला तरी पिण्याच्या पाण्याला वापरायचा नाही. मोबाईलमध्ये ११२, रुग्णवाहिकेचा १०८ आणि जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७ हे नंबर घालून ठेवायचे, शिवाय दोन-तीन नातेवाइकांचे नंबर कागदावरही लिहायचे, कारण मोबाईल बंद पडला की आपल्याला सख्ख्या भावाचाही नंबर आठवत नाही. घरातल्या प्रत्येक खोलीचे, फ्रिजचे, गाडीचे, गोठ्याचे फोटो मे महिन्यात काढून बहिणीला किंवा मुलाला पाठवून ठेवायचे. पुढे पंचनाम्याच्या वेळी किंवा विम्याच्या दाव्यात ते कामी येतात.

आणखी एक गोष्ट नव्या भाडेकरूंना माहीत नसते. पुराचं पाणी पुष्कळदा दारातून येण्याआधी संडासच्या भांड्यातून आणि मोरीच्या जाळीतून वर येतं. रिकाम्या सिमेंटच्या पोत्यात वाळू भरून, ते प्लास्टिकमध्ये गुंडाळून भांड्यावर आणि जाळीवर ठेवलं तर घाण पाणी घरात शिरायला निदान उशीर होतो. खर्च शून्य.

निम्मे पैसे वस्तूंवर खर्चूच नका

फेब्रुवारीपासून जूनपर्यंत महिन्याला तीनशे म्हटले तर दीड हजार होतात. माझं मत स्पष्ट आहे: यातले निम्मे, म्हणजे साडेसातशे, कोणत्याही वस्तूवर खर्च करायचे नाहीत. ते निघायचे पैसे. टेम्पोचं किंवा ट्रॅक्टर-ट्रॉलीचं भाडं, पहिल्या दोन दिवसांचा खर्च, रिचार्ज.

हे ऐकून लोक म्हणतात, तयारी म्हणजे काहीतरी घ्यायला पाहिजे ना! पण गरीब घरं उशिरा का निघतात याचा विचार करा. हट्ट हे एक कारण झालं. दुसरं कारण हे की ऐन वेळी वाहनवाला जे भाडं मागतो ते हातात नसतं आणि गोठ्यातली म्हैस सोडून जाता येत नाही. लवकर निघालं तर भाडं नेहमीचं असतं. तीन घरांनी मिळून ट्रॉली ठरवली तर साडेसातशेतूनही पैसे उरतात. म्हणून हे पैसे डब्यात, वेगळे आणि रोख ठेवायचे. त्यातल्या नोटा शंभर-दोनशेच्या असाव्यात. टॉवरची बॅटरी संपली की नेटवर्क जातं, मग फोनवरून पैसे देणं थांबतं, एटीएमही बंद, आणि पाचशेची नोट मोडून द्यायला दुकानदाराकडे सुटे नसतात.

यात एक जोड वीस रुपयांची. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपये बँक खात्यातून कापले जातात आणि अपघाती मृत्यू झाला तर वारसाला दोन लाख मिळतात. नैसर्गिक आपत्तीत झालेला अपघाती मृत्यूही त्यात धरला जातो. वय १८ ते ७० आणि मुदत १ जून ते ३१ मे. मेअखेर खात्यात पैसे नसतील तर हप्ता कापला जात नाही आणि विमा बंद पडतो, एवढं मात्र ध्यानात ठेवा. घरातल्या प्रत्येक कमावत्या माणसाचा हा विमा आहे का, हे पासबुकातल्या नोंदीवरून आजच बघता येईल.

उरलेल्या साडेसातशेत

पहिल्या महिन्यात औषधं. घरात रोजची गोळी घेणारं कोणी असेल तर आठ-दहा दिवसांच्या जादा गोळ्या, साधारण दोनशे रुपयांपर्यंत. जनऔषधी केंद्रात त्याच औषधाची किंमत बरीच कमी पडते. जादा पाकीट वेगळं दडवून ठेवायचं नाही. नवं आणलं की ते मागे ठेवायचं आणि जुनं पुढे घ्यायचं, म्हणजे मुदत संपत नाही. डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा, निवारा केंद्रातल्या डॉक्टरांना तो बघून लगेच औषध देता येतं. इन्सुलिन घेणाऱ्यांनी फ्रिज बंद पडेल म्हणून घाबरू नये. वापरात असलेली कुपी साधारण महिनाभर थंड खोलीत टिकते. ती प्लास्टिकच्या डबीत घालून, ओल्या कापडात गुंडाळलेल्या मातीच्या मडक्यात ठेवावी. किती दिवस टिकेल ते प्रकाराप्रमाणे बदलतं, तेवढं औषध देणाऱ्याला विचारून घ्या.

मग पाणी शुद्ध करायचं सामान, पन्नास रुपयांत. इथे थोडं थांबून समजून घ्यायला हवं. एका माणसाला पिण्याला आणि जेवण करायला दिवसाला तीन लिटर धरा. पाच माणसांना पंधरा, चार दिवसांना साठ. म्हणजे धुऊन ठेवलेले पाच लिटरचे बारा कॅन झाले की चार दिवसांची सोय झाली. त्यापुढे जे पाणी मिळेल ते शुद्ध करून प्यायचं. गढूळ पाण्यात नुसती क्लोरीनची गोळी टाकली तर ती गाळावरच खर्ची पडते आणि जंतू शिल्लक राहतात. म्हणून आधी तुरटी फिरवायची, गाळ तळाशी बसू द्यायचा, वरचं पाणी सुती कापडाच्या चार घड्यांतून गाळायचं आणि मग गोळी किंवा मेडिक्लोरचे (बाटलीत मिळणाऱ्या क्लोरीनच्या द्रावणाचे) थेंब टाकून अर्धा तास थांबायचं. पाण्याला क्लोरीनचा हलका वास आला तर ते काम झालं असं समजा. प्रमाण बाटलीवर लिहिलेलं असतं, तेच पाळा. गॅस असेल तर पाणी खळखळून उकळणं केव्हाही चांगलं. तुरटीचा खडा दहा-वीस रुपयांत येतो. मेडिक्लोर आणि ओआरएसची पाकिटं आशाताईंकडे किंवा आरोग्य उपकेंद्रात पावसाळ्याआधी विचारा, पुष्कळदा विनामूल्य मिळतात. ओआरएस नसेल तर एक लिटर शुद्ध पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा, आणि मीठ जास्त होऊ द्यायचं नाही.

तिसरी वस्तू टॉर्च, दोनशेच्या आसपास. चार्जिंगची असेल तर बरी, पण सेलवर चालणारी असली तर वीज नसतानाही सेल बदलता येतात. मेणबत्तीपेक्षा टॉर्चच हवी, कारण गर्दीच्या खोलीत, गॅस सिलिंडर शेजारी आणि अंथरुणं पसरलेली असताना उघडी ज्योत नको. आठशे-हजारांची पॉवर बँक या वर्षी परवडत नसेल तर सोडून द्या. घरात जुना बटणांचा फोन पडून असेल तर त्यात सिम घालून ठेवा. त्याची बॅटरी तीन-चार दिवस सहज जाते आणि आणीबाणीत बोलणं झालं म्हणजे पुरे.

चौथी वस्तू दीडशेची नायलॉनची दोरी. हिचे उपयोग किती! माळ्यावर सामान ओढणं, ट्रॉलीतलं बोचकं बांधणं, गुरं नेणं. आणि एक उपयोग फारसा कुणी सांगत नाही: रिकामा किंवा अर्धा भरलेला गॅस सिलिंडर पाण्यावर तरंगतो आणि वाहून जातो. घर सोडताना रेग्युलेटर काढून, टोपी बसवून सिलिंडर खिडकीच्या गजाला बांधून जावं. परत आल्यावर गॅसचा वास आला तर दिवा लावू नये आणि १९०६ ला फोन करावा.

उरले दीडशे. शंभराचं जाड प्लास्टिकचं कापड आणि पन्नासची कागदपत्रांची पिशवी.

पिशवीत कोणते कागद?

घाईत माणसं सातबारा आधी उचलतात. वास्तविक सातबारा संगणकावरून पुन्हा निघतो, आधारही पुन्हा छापून मिळतं. रेशनकार्ड, वाहन परवाना, दहावी-बारावीची अलीकडची प्रमाणपत्रं यांतलं बरंच काही डिजिलॉकरमध्ये ठेवता येतं आणि तिथली प्रत कायद्याने मूळ कागदाइतकीच चालते. मग पिशवीत पहिला हक्क कुणाचा? जो कागद परत मिळवायला हेलपाटे पडतील त्याचा. आजोबांचा शाळा सोडल्याचा जुना दाखला, ज्यावर पुढच्या पिढीचं जातप्रमाणपत्र अवलंबून असतं. जुनं खरेदीखत आणि वाटणीपत्र. सोनं तारण ठेवल्याची पावती. चालू उपचारांची फाईल. हुंडी, उसनवारीचे कागद, बचत गटाची वही. बँकेचं पासबुकही त्यातच, कारण मदतीची रक्कम खात्यावर येते आणि निवारा केंद्रात पंचनाम्यासाठी खाते क्रमांक विचारतात.

पिशवीत घालण्याआधी प्रत्येक कागदाचा मोबाईलवर फोटो काढा. जुन्या कागदाला लॅमिनेशन करू नका, उष्णतेने शाई उडते आणि पुढे तो कागद तपासताना शंका घेतली जाते. तो साध्या प्लास्टिकच्या पाकिटात घालून हवा काढून तोंड दुमडायचं, त्यावर दुसरं पाकीट उलट्या तोंडाने चढवायचं. दोन पाकिटांच्या मधल्या जागेत कोरड्या तांदळाचे चार दाणे टाकून ठेवले तर थोडी ओल ते शोषतात. एवढं करूनही कागद भिजलाच तर ओले कागद ओढून सुटे करू नका. वर्तमानपत्रात ठेवून सावलीत वाळवा.

ज्यावर घर चालतं ते आधी हलवा

सामान हलवताना डोळा आधी टीव्ही-फ्रिजकडे जातो, कारण ते महाग. पण पाणी दहा-बारा दिवस राहिलं तर त्या दिवसांची कमाई कशावर? शिलाई करणाऱ्या बाईचं मशीन, गवंड्याची हत्यारं, वडापावच्या गाड्याची शेगडी, नदीकाठची शेतीची मोटर ही आधी. शिलाई मशीनचा वरचा लोखंडी भाग खालचे दोन स्क्रू सैल केले की फळीपासून सुटतो. तो एकटा माणूस पोत्यात गुंडाळून डोक्यावर नेऊ शकतो. पाय आणि फळी राहिली तरी धुऊन पुन्हा वापरता येतात. पायावर विटा रचून फ्रिज दोन फूट उचलण्यात मात्र फार अर्थ नाही, कारण पाणी घरात शिरतं तेव्हा ते दोन फुटांवर थांबतंच असं नाही.

गोठ्याचं तर सर्वांत आधी. लाखभर किमतीची म्हैस गेली तर घर दोन वर्षं मागे जातं. २०१९ ला कित्येक जनावरं दाव्याला बांधलेली असताना बुडाली. निघायच्या आकड्याच्याही आधी, पाणी पात्राबाहेर पडलं की, जनावरं उंचावरच्या पाहुण्यांकडे न्यायची. ती कुणाकडे न्यायची ते मे महिन्यातच बोलून ठेवा आणि त्यांच्याकडे थोडा कडबा आधीच टाकून ठेवा. न्यायला जमलंच नाही तर दावी सोडून द्यायची, मोकळं जनावर पोहून वाट काढतं. घटसर्प आणि फऱ्याची लस पावसाळ्याआधी पशुवैद्यकीय दवाखान्यात टोचून घ्यावी.

खाण्याचं वेगळं बजेट नको

पुरासाठी म्हणून बिस्किटांचे पुडे आणि पाकिटबंद पदार्थ घ्यायची गरज नाही. आपल्या स्वयंपाकघरात विस्तव न पेटवता खाता येईल असं बरंच काही असतं: भडंग, फुटाणे, शेंगदाणे-गूळ, भिजवून कालवलेले पोहे, सातूचं पीठ, मेतकूट. जुलैचा किराणा भरताना यांचं प्रमाण थोडं वाढवायचं आणि श्रावण सरता सरता ते खाऊन टाकायचं. दाणे, पीठ, मीठ-मसाला घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवून डबे माळ्यावर. लहान बाळ असेल तर त्याच्या खाण्याचा साठा मात्र चार दिवसांचा वेगळा असावा. गॅसचा सिलिंडर अर्ध्यावर आला की जूनच्या शेवटी दुसरा बुक करावा.

एकट्याने घ्यायच्या नाहीत त्या वस्तू

चांगली ताडपत्री, शंभर फुटांची जाड दोरी, मोठा चार्जिंगचा दिवा, गळ्यात अडकवायचा भोंगा आणि पॉवर बँक या वस्तू प्रत्येक घरात लागत नाहीत, गल्लीत एकेक असली तरी चालतं. दहा बायकांच्या बचत गटाने घरटी दोनशे काढले की दोन हजारांत यातल्या दोन-तीन वस्तू येतात. त्या कुणाच्या घरी ठेवायच्या ते आधी ठरवा. उत्तर सोपं आहे: ज्यांचं घर गल्लीत सर्वांत उंचावर आहे त्यांच्याकडे. वापरून झाल्यावर दोरी वाळवणं, सेल काढून ठेवणं याची जबाबदारी एका माणसाचं नाव घेऊन द्यावी, 'सगळ्यांची' म्हणून सोडली की कुणीच करत नाही.

पुढच्या वर्षी घरात दोन हजार हाताशी आले, तर इन्व्हर्टरआधी वीजगळती होताच पुरवठा तोडणारं यंत्र, आरसीसीबी, बसवून घ्या. ओल्या भिंतीतून विजेचा धक्का बसण्याचा धोका पुराइतकाच रोजच्या पावसातही असतो. ते बसेपर्यंत नियम एकच: पाणी बोळात आलं की मेन स्विच बंद, आणि पाण्यात उभं राहून स्विचला हात लावायचा नाही.

घर स्वतःचं असेल तर 'भारत गृह रक्षा' या नावाच्या विम्याची चौकशी करा. १ एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांना एकाच ठरावीक स्वरूपात ही पॉलिसी द्यावी लागते आणि तीत पुराचं नुकसानही धरलं जातं. घराचा विमा काढला की सामानाला आपोआप घराच्या विमा रकमेच्या २० टक्के, पण जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत संरक्षण मिळतं. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांना फक्त सामानाचा विमाही काढता येतो. हे काम सुक्या दिवसांतच करावं, कारण पाणी चढायला लागल्यावर काढलेल्या विम्याचा उपयोग होत नाही.

पाणी उतरल्यानंतरचे दोनशे रुपये

निघायच्या डब्यातले पैसे पूर्ण संपवू नका. परत आल्यावर पहिल्या दिवशी जे लागतं तेही गावात महाग मिळतं: खराटा, फावडं, ब्लीचिंग पावडर, रबरी हातमोजे. चिखल ओला असतानाच काढावा, वाळला की तो भिंतीला दगडासारखा धरतो. आत जाण्याआधी काठीने कोपरे, अंथरुणं, डबे हलवून बघा. पुरानंतर साप घरात आसरा घेतात. साप चावला तर दोरी आवळू नका, चिरू नका, माणसाला न चालवता सरकारी दवाखान्यात न्या, तिथे लस विनामूल्य असते. पायाला जखम असेल आणि पुराच्या पाण्यातून चालावं लागलं असेल, तर ताप यायची वाट न बघता आरोग्य केंद्रात जाऊन लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिस या दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाच्या) प्रतिबंधक गोळीबद्दल विचारा. आणि दुचाकी पाण्यात राहिली असेल तर किक मारून बघू नका. इंजिनात पाणी असताना ती सुरू केली की साध्या सफाईचा खर्च इंजिन खोलण्यापर्यंत जातो. तलाठी पंचनाम्याला येईपर्यंत खराब झालेलं सामान फेकू नका. दुर्गंधीमुळे काढावंच लागलं तर आधी त्याचे फोटो घ्या आणि ते एका बाजूला रचून ठेवा.